टिचबटणांचा पट्टा

कळंबच्या जुन्या रस्त्यावर भगवंतचं कुशनचं दुकान आहे. बायपास झाला तेव्हापासून या रस्त्याला मोठी गाडी म्हणून येत नाही. पूर्वी इतकी वर्दळ असायची, की समोरच्या टपरीवर चहाला जायचं तर माणूस दहा-दहा मिनिटं कडेला ताटकळत उभा राही. आता त्याच रस्त्याच्या मधोमध कुत्री पाय ताणून झोपतात आणि त्यांना उठवणारं कुणी येत नाही.

भगवंतचं वय चौऱ्याहत्तर. सुईचं नेढं त्याच्या डोळ्यांना दिसत नाही, बोटांना दिसतं. काम फारसं उरलेलं नाही. गाड्यांची कव्हरं आता तयार येतात, खोक्यातून काढायची आणि टोपडं घालावं तशी सीटवर चढवायची. तरी तो सकाळी सात वाजता फळी उघडतो. त्याचं कारण एक हॉर्न आहे. साडेसातच्या सुमाराला गोरखची पिकअप भाजी घेऊन नारायणगावच्या बाजाराला जाते आणि दुकानासमोर दोनदा हॉर्न देते. बायपासनं गेला तर त्याचा वेळ वाचेल. पण तो म्हणतो, "भगवंतकाकाला हॉर्न दिल्याबिगर माजा माल इकत न्हाई." भगवंत हातातलं काम न सोडता नुसती मान हलवतो. मग दिवस सुरू होतो.

गोरख हा हौशीरामचा मुलगा. आणि हौशीराम हा भगवंतचा जिवाचा माणूस. त्याला जाऊन बावीस वर्षं झाली.

त्या काळच्या गाड्या ज्यानं पाहिल्या त्यालाच भगवंतचं काम काय होतं ते कळेल. अॅम्बेसिडरची पुढची सीट म्हणजे अख्खा कोच असायचा, मध्ये फट नाही. गियर स्टिअरिंगच्या खाली, त्यामुळे पुढं चार माणसं बसत, आणि लग्नसराईत पाचवाही बसे. मग ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर लोंबकळत गाडी हाकी. त्या सीटच्या पोटात स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या, काथ्यावर कापूस आणि सगळ्यात वर रेक्झिन. भगवंत काथ्या हातानं पिंजायचा. कुठल्या गाडीचा मालक जाड आहे, कोण डाव्या अंगावर रेलून बसतो, हे ध्यानात ठेवून तो भरत असे. सीटच्या कडेनं त्याची पायपिंगची शिलाई इतकी सरळ असे, की मंचरचे फियाटवाले मुद्दाम कळंबला येत. मे महिन्यात नव्या रेक्झिनचा वास आणि पेट्रोलचा वास एकत्र होई. तो वास आला, की भगवंतला आपण या जगात काहीतरी आहोत असं वाटे. त्याला कुणी गुरू नव्हता. एक फाटकी सीट उसवून उसवून तो शिकला होता. याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान त्यानं कधी लपवला नाही.

हौशीरामची अॅम्बेसिडर सायीच्या रंगाची होती. घोडेगावच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. वाडीतला पहिला ड्रायव्हर तोच. भाड्यानं गाडी चालवता चालवता त्यानं ती जुनी गाडी स्वतःची केली, आणि आंबेगाव तालुक्यात तिच्यातून सासरी गेल्या नाहीत अशा नवऱ्या थोड्याच. त्या गाडीचं आतलं सगळं काम भगवंतचं. छताला त्यानं मखमल लावली होती आणि कडेनं बारीक झालर सोडली होती.

"भगवंतभाऊ," हौशीराम म्हणायचा, "गाडी माजी हाय, पर आतली खोली तुजी हाय."

"मंग भाडं दे खोलीचं."

"देतो की. बस मागं, भीमाशंकर दावून आणतो."

अशी त्यांची बोलणी.

मग पट्ट्यांचे दिवस आले. नव्या गाड्यांना पट्टे आधीपासून होते, पण ते कशाला आहेत हे कुणी विचारलं नव्हतं. भगवंतनं पहिला पट्टा पाहिला तो एका डॉक्टरच्या लाल मारुतीत. त्याला वाटलं, सामान बांधायला असेल. कुणी पट्ट्यावरचं प्लॅस्टिक काढत नसे, कुणी तो सीटमागं खोचून टाकी. आणि एके वर्षी मंचरच्या चौकात पोलीस उभे राहू लागले. तेव्हापासून चौक जवळ आला, की ड्रायव्हर पट्टा ओढून हातानं मांडीखाली दाबून धरत, आणि चौक मागं पडला की सोडून देत. सासरा दिसला की सुनेनं पदर घ्यावा तसं. जीव वाचवायची वस्तू आहे असं कुणाच्या मनातच नव्हतं. ती साहेबाला दाखवायची वस्तू होती.

जुन्या गाड्यांना सूट आहे असं कुणी म्हणे, नाही असं कुणी म्हणे. हौशीराम रोजच्या हुज्जतीला कंटाळला. एक दिवस तो पुण्याच्या जुन्या बाजारातून एक पट्टा घेऊन आला. मोडीत निघालेल्या कुठल्याशा गाडीचा, पण अस्सल. पट्टा गुंडाळून घेणारी चकरी, लाल बटणाचा खटका, बोल्ट, सगळं होतं.

"हा बसव," तो म्हणाला. "दाराच्या खांबाला एक भोक, खाली तळाच्या पत्र्याला दोन. गॅरेजवाला म्हनला, पाऊन घंट्याचं काम."

भगवंतनं पट्टा हातात घेतला. मग त्यानं त्या गाडीकडं पाहिलं. सायीचा रंग, खांबावर त्यानंच ताणून बसवलेलं मऊ रेक्झिन, एक सुरकुती नाही. तिथं ड्रिल घालायचं?

"भोकं पाडायची न्हाईत," तो म्हणाला. "गंज धरंल. आन् नवरीच्या गाडीत ही लोखंडाची पेटी लोंबती ठिवनार का? येडा का खुळा तू?"

"अरं पर पट्टा?"

"पट्टा दिसल्याशी काम ना? मी दावतो."

आणि त्यानं कात्री घेतली. चकरीपासून पट्टा कापला, खटक्यापासून कापला. त्या काळ्या पट्टीचं वरचं टोक सीटच्या पाठीला असं शिवलं, की जणू कारखान्यातूनच तसं आलं आहे. खालच्या टोकाला दोन टिचबटणं लावली, पोरींच्या झग्याला असतात तशी, जरा मोठी. बसलं की ओढायचं, टिच टिच करायचं. बाहेरून बघणाऱ्याला अस्सल पट्टा.

हौशीरामनं एकदा लावून पाहिला. हातानं ओढला तर बटणं लगेच सुटली. त्यानं ती पुन्हा टिच टिच लावली. मग हसला. "मंग झालं," म्हणाला. "तू म्हनतूस तर झालं."

हे शेवटचं वाक्य भगवंतनं बावीस वर्षांत कितीदा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

तिसऱ्याच दिवशी चौकातल्या हवालदारानं हौशीरामला थांबवून शाबासकी दिली. एवढ्या म्हाताऱ्या गाडीला पट्टा, म्हणाला, याच्यापासून शिका. दोघे मित्र त्यावर दुकानात बसून पोट धरधरून हसले. मग आणखी सात-आठ गाडीवाले आले. त्यांनाही भगवंतनं तसेच पट्टे शिवून दिले.

त्या हिवाळ्यात मार्गशीर्षात, सकाळी, घोडेगाव रस्त्याला दाट धुकं होतं. हौशीराम नवरदेवाला आणायला निघाला होता. उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागं दिवा नाही. स्टिअरिंग छातीत गेलं. काढणाऱ्यांना त्याच्या खांद्याला आणि दंडाला वेढलेली काळी पट्टी सोडवावी लागली. हौशीरामचा धाकटा भाऊ चिमाजी धावत तिथं पोचला होता. त्यानं तेवढंच पाहिलं, आणि घरी येऊन तेवढंच सांगितलं, "पट्ट्यात आडकला गं वयनी. न्हाईतर भाऊनं उडी टाकली असती."

भगवंतनं गाडी दुसऱ्या दिवशी पाहिली, ओढून आणून कडेला लावली होती तिथं. छताची झालर लोंबत होती. पट्टा सीटवर पडला होता. टिचबटणं नुसती उघडली होती. त्याच्या शिलाईचा एक टाका उसवला नव्हता. तो तिथंच मातीत बसला.

दहाव्याला नदीवर माणसं जमली होती. परतताना हौशीरामची बायको कोंडाबाई त्याच्याजवळ आली. पाच वर्षांचा गोरख तिच्या कडेवर पेंगत होता. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी तं त्यांच्या जिवासाटी पट्टा बसवला. तुमच्या मनाला लावून घेऊ नगा. त्यांचीच यळ आली व्हती."

बोलायची वेळ तीच होती. भगवंतनं तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनं दिलेली माफी भलत्याच गोष्टीची होती आणि ती त्यानं खाली मान घालून घेतली.

पुढच्या महिनाभरात तो त्या सात-आठ गाडीवाल्यांकडं गेला. दोरा खराब निघाला, रंग उतरतोय, असलं काहीबाही सांगून त्यानं सगळे पट्टे उसवून आणले आणि चुलीत घातले. खरं कारण कुणाला सांगितलं नाही. हौशीरामच्या पट्ट्याचा खटका मात्र टाकता आला नाही. दोऱ्याच्या रिळांखाली एका डब्यात तो तसाच राहिला, लाल बटणाचा.

मग एका सकाळी गोरखची पिकअप साडेसातला आली, हॉर्न दिला आणि पुढं न जाता थांबली. भगवंतनं मान वर केली. गाडी कोरी होती.

"काय राव!" तो फळीवरून उठत म्हणाला. "नवी?"

"नवी. कालच आनली." गोरख हौशीरामसारखाच हसला. "काका, आज काम हाय तुमच्याकडं. हे पट्टे कापा."

"काय?"

"दोनी बाजूचे. मुळासकट. शुक्रवारी आई नारळ फोडनार हाय, पर म्हनती, पट्टा दिसला तर मी गाडीला हात लावनार न्हाई. तुमाला तं म्हाईत हाय तिचं. लहानपनापास्नं माज्या गळ्याची आन घातलीय."

"पट्टा न्हाई लावला तर गाडी वरडती ना रं नवी?"

"वरडायची. बाजारात नुसतं खटक्याचं टोक मिळतं, ते आनून खुपसलं. गप बसली." त्यानं दार उघडून दाखवलं. खटक्यात एक सुटं टोक बसवलेलं होतं. काळं, चकचकीत. दिसायला अस्सल.

भगवंतनं ते टोक बोटानं चाचपून पाहिलं.

"कापताय ना? तुमच्यासारकी सफाई कुनाला न्हाई यायची."

"शुक्रवार लांब हाय," भगवंत कसंबसं म्हणाला. "कात्रीला धार न्हाई. मग ये."

"कात्रीला धार न्हाई म्हनं! भगवंतकाकाच्या!" गोरख हसला, हॉर्न देऊन निघून गेला. पट्टा त्याच्या खांद्यामागं लोंबत होता.

दुपारी भगवंत जेवायला घरी गेला, आणि त्यानं भाकरी मोडून तशीच ठेवली. साळुबाईनं, त्याच्या बायकोनं, दोनदा वाढायला विचारलं.

"अवो, कालवणात मीठ कमी हाय का तोंडात जीभ न्हाई?"

त्यानं गोरखचं सांगितलं. बाकीचंही सांगितलं, कात्री, टिचबटणं, सगळं. पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. साळुबाई उलथनं हातात धरून ऐकत राहिली.

"मला वाटायचं, ह्यो मानूस मित्रासाटी झुरतोय," ती म्हणाली. "गावाला सांगायची मी, असली मैतरकी बघाया न्हाई मिळायची."

"ते बी खरंच हाय."

"आसंल. मंग जावा आन् सांगा कोंडाबाईला. पोराला बी आता पोरगी हाय, त्याची रत्ना दुसऱ्यांदा पोटुशी हाय. का तिच्या बी नवऱ्याच्या दहाव्याला मान खाली घालून बसनार हायसा?"

असं ती त्याला कधी बोलली नव्हती. भगवंत उठला. त्यानं हात धुतला, आणि दुकानात जाऊन डब्यातून खटका काढून धोतराच्या सोग्यात बांधला.

दुसऱ्या दिवशी तो एस्टीनं घोडेगावला आणि तिथून जीपनं वाडीला गेला. भात काढून झालं होतं. खाचरांत नुसते सड राहिले होते आणि डोंगरावर ऊन असूनही हवेत गारठा होता. कोंडाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. केस सगळे पांढरे, पण हात सुपावर तसाच चालणारा. गोरख बाजाराला गेला होता, आणि रत्ना पोरीला घेऊन ओढ्यावर धुणं धूत होती.

"या भाऊजी! आज वाट चुकलासा का काय?" तिनं तांब्या-पेला आणून ठेवला. "नारळाला बोलावलं तं दोन दिस आधीच? गूळ देते थांबा."

"गूळ नगं वयनी. बसा जरा."

ती बसली. भगवंतनं सोगा सोडला आणि खटका सुपाशेजारी ठेवला.

"हे काय?"

"हौशीरामच्या पट्ट्याचं हाय."

तिचा हात थांबला. भगवंत बोलू लागला. त्यानं सावकाश सांगितलं, एखादी सीट उसवावी तसं, वरच्या रेक्झिनपासून खालच्या स्प्रिंगेपर्यंत. पट्टा अस्सल होता. हौशीराम बसवायलाच घेऊन आला होता. आपण गाडीचं रूप बिघडेल म्हणून कापला. पट्ट्यानं त्याला अडकवलं नाही, पट्ट्यानं त्याला धरलंच नाही. दोन टिचबटणं होती, ती उघडली.

कोंडाबाईनं खटका उचलला. त्यात पट्टीचं लोखंडी टोक अजून होतं. तिनं लाल बटण दाबलं, टोक बाहेर आलं. परत खुपसलं, ओढून पाहिलं. निघेना. बटण दाबलं, निघालं. असं तिनं तीन-चारदा केलं.

"हे आसं धरतं?"

"धरतं."

"आन् ह्ये त्यांनी आनलं व्हतं."

"व्हय."

"त्यांना पायजे व्हतं."

भगवंतनं मान हलवली.

"दहाव्याला मी तुमच्याम्होरं आले व्हते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तवा का न्हाई बोललासा?"

भगवंतनं या एका प्रश्नाचं उत्तर बावीस वर्षं शोधलं होतं.

"भ्यालो," तो म्हणाला.

"आन् मी? मी पोराच्या गळ्याची आन घातली. येष्टीच्या डायवरनं पट्टा लावला तं मी पोराला हिकडं वढायची, बघू नगं म्हनायची. देवाला सांगितलं, त्या पट्ट्याची सावली बी माज्या लेकरावर पडू दिऊ नगं." तिनं खटका मुठीत धरला. "कळाया लागल्यापास्नं त्यो तसाच रस्त्यावर हाय भाऊजी. बिनपट्ट्याचा. माज्या शब्दावर. रोज सकाळी तुमच्याच दुकानावरनं जात व्हता ना? रोज बघत व्हतासा?"

"रोज."

ओढ्यावरून धुणं आपटल्याचा आवाज येत होता. कोंडाबाई उठली. भगवंतनं पाण्याला हात लावला नव्हता. तिनं तांब्या-पेला उचलला आणि आत नेऊन ठेवला. परत बाहेर आली ती उंबऱ्यातच थांबली.

"तीनची जीप हाय," ती म्हणाली. "ती गेली की मंग न्हाई."

भगवंतनं काठी घेतली. खटका तिच्या मुठीत राहिला, त्यानं मागितला नाही. अंगणाच्या कडेला पोचल्यावर तो वळला. त्याला विचारायचं होतं, गोरखला सांगाल ना? पण उंबऱ्यात कुणी नव्हतं.

शुक्रवारी नारळ फुटला की नाही ते त्याला कळलं नाही. गोरख पट्टे कापायला आला नाही. शनिवारी भगवंतनं सातला फळी उघडली, साडेसात झाले, आठ झाले. रस्त्यावरची कुत्री उन्हाला सरकली. हॉर्न आला नाही. रविवारीही नाही. सोमवारी समोरचा टपरीवाला म्हणाला, "गोरखची गाडी आता बायपासनंच जाती म्हनं."

रात्रीच्या भाकरीबरोबर साळुबाईनं त्याला गुळाचा खडा दिला.

मंगळवारी भगवंतनं दुकान उघडलं नाही. काठी टेकत, दोनदा बसत, तो शेताच्या बांधांवरून बायपासपर्यंत गेला आणि लोखंडी कठड्याला धरून उभा राहिला. गाड्या अशा जात होत्या, की त्यांच्या वाऱ्यानं त्याचं धोतर पायांना गुंडाळत होतं. कुठल्या गाडीत कसली सीट आहे हे दिसायच्या आत ती गेलेली असे. पूर्वी नुसत्या दाराच्या आवाजावरून तो गाडी सांगायचा.

साडेसातला ती आली. कोरी पिकअप, पुढच्या जाळीला वाळलेला झेंडूचा हार. गोरख समोर बघत होता. त्यानं भगवंतला पाहिलं असेल किंवा नसेलही. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरून खांद्यापासून कमरेपर्यंत एक काळी तिरपी रेघ गेली होती.

पट्टा होता. पण तो खटक्यात बसला होता, की बाजारातलं ते टोक तसंच ठेवून नुसता अंगावरून ओढला होता? पुढं नारायणगावच्या चौकात पोलीस असतात. बाहेरून कळायला मार्ग नव्हता, आणि ते बाहेरून कळू नये याचंच कसब कधीकाळी भगवंतच्या हातात होतं.

पिकअप वळणाआड गेली. बुधवारी तो पुन्हा गेला. आता रोज जातो. कठडा त्याच्या हाताच्या जागी गुळगुळीत होऊ लागला आहे. ती काळी रेघ रोज दिसते. ती दिसली, की त्या दिवसापुरता तो परत फिरतो.